रक्त कमी असताना एचआरटी : पाळी जाण्याच्या वयातले नेहमीचे प्रश्न

कॉलेज रोडला बँकेत काम करणाऱ्या मॅडम असोत की पिंपळगावहून द्राक्षाच्या शेडवरची रोजंदारी बुडवून आलेल्या ताई, पंचेचाळिशीनंतर दोन तक्रारी बहुतेकींच्या तोंडी असतात : 'अंगातून वाफा निघतात' आणि 'रक्त कमी सांगितलंय', म्हणजे अ‍ॅनिमिया. पहिलीवर हार्मोनचा उपचार आहे, त्यालाच एचआरटी म्हणतात. दुसरीमुळे तो घ्यायला भीती वाटते. नाशिकमध्ये तपासायला येणाऱ्या बायका विचारतात ते प्रश्न इथे जवळजवळ त्यांच्याच शब्दांत आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. औषध ठरेल ते तुमच्या तपासणीवरून आणि तुमच्या फाइलवरून.

माझं एचबी (हिमोग्लोबिन) साडेनऊ आहे. मला एचआरटी घेता येईल का?

बहुतेक वेळा येते. एचआरटी कुणाला देऊ नये याची यादी ठरलेली आहे. स्तनाचा कॅन्सर झालेला असणं, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर किंवा उपचार न केलेली अस्तराची वाढ, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात झालेली रक्ताची गुठळी, हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका, यकृताचा चालू आजार, आणि कारण न सापडलेला अंगावरून जाणारा रक्तस्राव. या यादीत अ‍ॅनिमिया नाही.

पण यादीतला शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. रक्त कमी असलेल्या बाईचं घोडं अडतं ते तिथे. साडेनऊ या आकड्याला मी घाबरत नाही. तो साडेनऊवर का आला हे कुणी पाहिलंच नसेल, तर मात्र मी प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही.

एचआरटी म्हणजे नक्की काय देतात?

पाळी जाताना अंडाशयातून तयार होणारं इस्ट्रोजेन घटतं. ते थोड्या प्रमाणात बाहेरून द्यायचं, एवढंच. गर्भाशयाची पिशवी शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, कारण नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीच्या आतलं अस्तर वाढत जातं आणि पुढे त्यातून कॅन्सरचा धोका निर्माण होतो. पिशवी काढलेली असेल तर बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं. गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांवर याच्याइतकं चांगलं औषध दुसरं नाही, आणि हाडांची झीजही यामुळे थांबते. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्यामुळे हा विचारही लवकर करावा लागतो.

किती एचबी म्हणजे कमी? आमच्या घरात सगळ्यांचंच दहा असतं.

घरात सगळ्यांचं असलं म्हणून ते बरोबर होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने, गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८च्या खाली तीव्र. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त! म्हणूनच 'दहा म्हणजे चालतंय' असं आपल्याला वाटू लागलं आहे. आणि हे सर्वेक्षण ४९वर थांबतं, म्हणजे पाळी गेलेल्या बायका त्यात मोजल्याच जात नाहीत.

८च्या खाली असेल तर आधी रक्त वाढवायचं, एचआरटीचं नंतर बघू. त्याच्या वर असेल आणि कारण कळलेलं असेल, तर दोन्ही उपचार बरोबरीने चालू शकतात. १२ होईपर्यंत वर्षभर वाफा सोसत बसायची गरज नाही.

थकवा, छातीत धडधड, केस गळणं, विसरभोळेपणा. हे पाळी जाण्यामुळे की रक्त कमी असल्यामुळे?

यादी दोन्हींची जवळजवळ तीच आहे, आणि खरा घोळ इथेच होतो. थकलेली बाई येते, वय ४७, पाळी मागेपुढे होते. 'मेनोपॉज आहे' म्हणून तिला हार्मोन सुरू होतं. तीन महिन्यांनी वाफा थांबतात, थकवा तसाच. मग ती म्हणते, एचआरटी मला मानवली नाही. तिचं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, मात्र कुणी कधी तपासलेलंच नसतं.

काही खुणा उपयोगी पडतात. छाती-मानेपासून वर चेहऱ्याकडे चढणारी उष्णता, पाठोपाठ घाम, मग थोडी थंडी, आणि काही मिनिटांत सगळं शांत : ही पाळी जाण्याची वाफ. रात्री गाऊन ओला होऊन जाग येणं हेही त्यातलंच. याउलट काळाराम मंदिराच्या पायऱ्या चढताना किंवा कपड्यांची बादली गच्चीवर नेताना दम लागणं, जीना संपल्यावर कानात ठोके ऐकू येणं, पापणीची आतली बाजू फिकी, नखं ठिसूळ किंवा चमच्यासारखी खोलगट, जिभेची आग, ओठांचे कोपरे फाटणं, हे रक्त कमी असल्याकडे बोट दाखवतं. बर्फ, माती, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं ही तर लोहाच्या कमतरतेची ठळक खूण आहे. बायका हे सांगायला लाजतात. लाजू नका, निदान त्यावरच होतं.

तिसरा भिडू थायरॉइड. तोही थकवतो, केस गाळतो, पाळी बिघडवतो. आणि चौथा बी-१२ : हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, चिडचिड, विसरणं. शाकाहारी घरातल्या, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी उपाशीपोटी घेणाऱ्या बायकांमध्ये तो वारंवार कमी निघतो.

मग कोणत्या तपासण्या करायच्या?

नुसतं एचबी पुरत नाही. सीबीसी म्हणजे रक्ताची पूर्ण मोजणी, फेरिटिन, बी-१२, थायरॉइडची टीएसएच, आणि पिशवीची सोनोग्राफी. शिवाय ब्लड प्रेशर, साखर आणि स्तनांची तपासणी, वयानुसार मॅमोग्राफी. एचआरटीआधी यातलं बरंच करावंच लागतं, म्हणजे अ‍ॅनिमियाचा शोध त्याच फेरीत लागतो.

सीबीसीचा कागद हातात आला की एचबीखालच्या दोन ओळीही पाहा. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. ८०च्या खाली असेल तर पेशी लहान, म्हणजे बहुधा लोह कमी किंवा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष. १००च्या वर असेल तर पेशी मोठ्या, म्हणजे बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी, कधी थायरॉइड. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले तर एमसीव्ही मध्येच कुठेतरी, अगदी 'नॉर्मल' दिसतो आणि फसवतो. दुसरी ओळ प्लेटलेटची. लोह कमी असताना त्या वाढलेल्या दिसू शकतात.

फेरिटिन म्हणजे घरातली कणगी आणि एचबी म्हणजे रोजच्या वापराच्या डब्यातलं पीठ. कणगी तळाला गेली तरी डबा काही दिवस भरलेला दिसतो. फेरिटिन १५च्या खाली असेल तर साठा संपलाच. आम्ही बहुतेक जण ३०च्या खालीच उपचार सुरू करतो. संधिवातासारखी सूज अंगात असेल तर हा आकडा खोटा फुगतो, हे डॉक्टरांना ध्यानात ठेवावं लागतं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर टीआयबीसी ही लोहाची दुसरी तपासणीही त्यांच्यामुळे वाढलेली दिसते. म्हणून त्यावर न जाता फेरिटिनवर भरवसा ठेवावा.

पाळी अजून येतेय, पण महिन्यातून दोनदा येते आणि खूप जाते. एचआरटीने ती नीट होईल का?

नाही. या परिस्थितीत एचआरटी लगेच सुरू करणं मला पटत नाही. या वयात काही महिने बीज तयारच होत नाही, मग अस्तर जाड होत जातं आणि एकदम सुटतं. शिवाय पिशवीत गाठी असू शकतात, पिशवी सुजलेली असू शकते, अस्तरात मस असू शकतो. वरून इस्ट्रोजेन मिळालं तर गाठी वाढू शकतात आणि रक्तस्रावही. तो वाढला की एचबी आणखी खाली.

'खूप जातं' म्हणजे किती, हे मोजता येतं. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, रात्री उठून बदलावं लागणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या रक्ताच्या गाठी पडणं, सात दिवसांहून जास्त चालणं. साधारण पाळीत ३० ते ४० मिली रक्त जातं. ८०च्या पुढे गेलं की वैद्यकाच्या भाषेत अतिरक्तस्राव. एक मिली रक्तासोबत अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. म्हणजे ८० मिलीला ४० मिलिग्रॅम. आपलं आतडं अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं आणि तेवढं तर रोजच्या झिजेतही जातं. हा हिशेब बसत नाही, म्हणून बाई दर महिन्याला थोडी थोडी मागे पडत जाते.

आधी सोनोग्राफी. वय ४५च्या वर असेल आणि रक्तस्राव अनियमित असेल तर अस्तराचा तुकडा काढून तपासणंही लागतं. ते टाळू नका. बऱ्याचदा ओपीडीतच, नळीने, भूल न देता होतं. कॅन्सर नाही हे कळलं की बऱ्याच जणींसाठी एक चांगली सोय आहे. बायका तिला 'हार्मोनवाली कॉपर-टी' म्हणतात. खरं तर तिच्यात तांबं नसतं, लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं प्रोजेस्टेरॉन असतं. काही महिन्यांत रक्तस्राव खूपच घटतो, एचबी चढू लागतं आणि पुढे वाफांसाठी इस्ट्रोजेनचं जेल सुरू केलं तर पिशवीच्या अस्तराचं रक्षण तीच करते. एका साधनात दोन्ही कामं. एचआरटीचा भाग म्हणून वापरली तर साधारण ५ वर्षांनी बदलायची. सुरुवातीचे काही महिने डाग लागत राहतात, ते आधी माहीत असलेलं बरं. पिशवी गाठींनी फार वेडीवाकडी झाली असेल तर मात्र ती नीट बसत नाही.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली. आता तर काहीच जात नाही, तरी रक्त कमी कसं?

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. पाळी बंद झाल्यावर बाईचं लोह आपोआप साठायला हवं. तरी ते कमी होत असेल तर कुठूनतरी रक्त जातंय किंवा शोषलं जात नाहीये, आणि शोध पोटात घ्यायचा. मूळव्याध, जठरातली जखम, आतड्यातला मस किंवा कॅन्सर, सीलिअ‍ॅक नावाचा गव्हाचा त्रास. कांदा-द्राक्षाच्या शेतात अनवाणी काम करणाऱ्यांमध्ये अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत. त्याची गोळी साधी आणि स्वस्त आहे.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या हे आणखी एक कारण, आणि बायका ते औषधांच्या यादीत सांगतच नाहीत, कारण 'ती काय रोजची गोळी नाही'. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं जठरात जखम करतात आणि रक्त गुपचूप झिरपतं. औषधांच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं घेऊन या. मी टेबलावर ओतून बघते.

पन्नाशीपुढे लोह कमी असेल तर वरून आणि खालून दुर्बिणीची तपासणी सुचवली जाते. नुसत्या लोहाच्या गोळ्या खाऊन आकडा सुधारला म्हणून ती सोडू नका. गोळीने एचबी वाढतं, आतड्यातली गाठ तिथेच राहते. वाफांचा उपचार या शोधामुळे अडून राहतोच असं नाही. पिशवीतून काही जात नसेल आणि यादीतलं दुसरं काही नसेल तर एचआरटीचा विचार समांतर होऊ शकतो.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी डाग दिसला, तरी ती 'परत आलेली पाळी' नव्हे. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासायचा. त्याआधी एचआरटी नाही.

एचआरटीमुळेच रक्त कमी होईल का?

औषध स्वतः रक्त कमी करत नाही. त्यामुळे होणारा रक्तस्राव ते करू शकतो. पाळी नुकतीच थांबत आलेल्यांना प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२-१४ दिवस देतात, तेव्हा दर महिन्याला पाळीसारखं जातं. ज्यांचा साठा आधीच रिकामा आहे त्यांना ही पद्धत जड जाते. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्यांना दोन्ही औषधं रोज देतात, त्यात रक्तस्राव बंद राहणं अपेक्षित असतं. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग चालतात. त्यापुढेही चालू राहिले, वाढले, किंवा मधे बंद होऊन पुन्हा आले तर तपासायचं. रक्त कमी असलेल्या बाईने सुरू केल्यावर तीन महिन्यांनी सीबीसी करून घ्यावी.

गोळी, जेल की पॅच?

गोळी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्यामुळे शिरेत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुपटीने वाढते. मूळ धोका लहान, म्हणून दुपटही लहानच, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. त्वचेतून जाणाऱ्या जेलने किंवा पॅचने, नेहमीच्या मात्रेत, ही वाढ दिसत नाही. लोहाची तीव्र कमतरता आणि वाढलेल्या प्लेटलेट यांचा गुठळ्यांशी संबंध काही अभ्यासांत आढळला आहे, म्हणून अ‍ॅनिमिया असताना माझा कल जेलकडे असतो. वजन जास्त, बीपी, मायग्रेन, घरात कुणाला गुठळी झालेली, यांतलं काही असेल तर तो कल आणखी पक्का होतो. आपल्याकडे पॅचपेक्षा जेल सहज मिळतं. दंडाला किंवा मांडीला लावायचं, स्तनांना नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय नातवाला कडेवर घ्यायचं नाही. त्याच्या अंगाला लागलं तर औषध त्याच्या अंगात जातं.

आम्ही सुरगाण्याकडचे. घरात सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) आहे. आम्हाला चालेल का?

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, बागलाण या आदिवासी पट्ट्यातल्या बाईचं एचबी कमी असेल तर सिकलसेलची तपासणी मी आधी विचारते. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ला सुरू झाली. तिच्यात तपासणी होऊन कार्ड मिळालेलं असेल तर ते सोबत आणा, पुन्हा सुई टोचायला नको.

वाहक असणं, म्हणजे दोष आई किंवा वडील एकाकडूनच आलेला असणं, आणि आजारी असणं यांत मोठा फरक आहे. वाहक बाईचं एचबी त्या कारणाने सहसा घसरत नाही. वाहक असून ८ असेल तर दुसरं कारण शोधा, 'सिकलसेलमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. प्रत्यक्ष आजार असेल तर रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त असते. तिथे इस्ट्रोजेनची गोळी टाळावी. फार त्रास असेल तर त्वचेतून, कमीत कमी मात्रेत आणि रक्तविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच. लोहाच्या गोळ्याही फेरिटिन पाहिल्याशिवाय नकोत. अनेकदा रक्त भरलेलं असेल तर अंगात लोह आधीच जास्त झालेलं असतं.

थॅलेसेमिया मायनर आहे, एचबी कायम १०च.

एचआरटीला त्याची आडकाठी नाही. पेशी लहान दिसतात म्हणून आयुष्यभर लोहाच्या गोळ्या खाऊ नका, फेरिटिन कमी असेल तरच घ्या. थॅलेसेमिया मेजर असेल, त्यातही प्लीहा काढलेली असेल, तर गोष्ट वेगळी. गुठळ्यांचा धोका जास्त म्हणून निर्णय तज्ज्ञांचा.

माझी पिशवी ३८व्या वर्षीच काढली. आता त्रेचाळिशीत वाफा येतात.

पहिलं काम : डिस्चार्ज कार्ड शोधा. पिशवीबरोबर अंडाशयही काढली का, हे त्यावर लिहिलेलं असतं. बऱ्याच बायकांना हे सांगितलेलंच नसतं, आणि कार्ड दिवाळीच्या आवराआवरीत गेलेलं असतं. अंडाशय दोन्ही काढली असतील तर ऑपरेशनच्या दिवशीच मेनोपॉज आला, तोही एका फटक्यात. अशा तरुण बाईला, मनाई करणारं कारण नसेल तर, पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत तरी एचआरटी द्यावी असाच सल्ला जगभर दिला जातो. हाडं आणि हृदय दोन्हींसाठी. तिला 'एवढ्या लहान वयात हार्मोन नको' म्हणून घरी पाठवणं म्हणजे उलटा न्याय.

पिशवी नाही म्हणजे पाळीचं रक्त जाणं बंद. तरी एचबी कमी राहत असेल तर वर सांगितला तोच पोटाचा शोध.

त्र्यंबकला नारायण नागबळीची पूजा आहे. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे हीच का?

नाही. ती नॉरएथिस्टेरॉन, बहुधा ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. या मात्रेत तिचा थोडा भाग अंगात इस्ट्रोजेनसारख्या औषधात बदलतो, त्यामुळे गुठळीचा धोका तिलाही आहे. आपल्या शहरात या गोळीचा खप पूजांच्या हंगामात वाढतो, आणि २०२७च्या सिंहस्थात पाहुण्यांची रीघ लागली की आणखी वाढेल असं मला वाटतं. पूजेला बसायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. पण चाळिशीपुढे, रक्त कमी असताना, पाळी आधीच अनियमित असताना ही गोळी परस्पर दुकानातून आणू नका. रक्तस्रावाचं खरं कारण तिच्यामुळे झाकलं जातं. एचआरटी चालू असताना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

लोहाची गोळी आणि एचआरटी एकाच वेळी घेऊ का?

दोघांचं एकमेकांशी भांडण नाही. लोहाचं भांडण आहे ते कॅल्शियमशी, दुधाशी आणि चहाशी. या वयात डॉक्टर कॅल्शियमही लिहून देतात आणि लक्षात राहावं म्हणून बायका तिन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम घेतात. लोह वाया. लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा-कॉफी एक-दोन तासांनी. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तास. इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली तर थायरॉइडची मात्रा वाढवावी लागू शकते, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच. जेलला ही कटकट नाही.

पोटात मळमळतं, बद्धकोष्ठ होतं म्हणून अर्ध्या बायका आठवड्यात गोळी सोडतात. त्यापेक्षा एक दिवसाआड घ्या. शोषण चांगलं होतं आणि त्रास कमी. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, मात्र डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर ते रक्त असू शकतं. तीन-चार आठवड्यांत एचबी एखाद्या ग्रॅमने वाढायला हवं. ठीक झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने. वाढलंच नाही तर शिरेतून लोह देता येतं.

टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर सांगा. त्या हार्मोनचा असर कमी करतात.

आरोग्य केंद्रात मिळणारी लाल गोळी २० ते ४९ वयाच्या बायकांसाठी आठवड्याला एक असते, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. ती प्रतिबंधासाठी आहे. अ‍ॅनिमिया झाल्यावर आठवड्याला एक गोळी पुरत नाही, तिथल्याच डॉक्टरांना उपचाराची मात्रा विचारा.

बीट, खजूर, मनुका खाऊन भागणार नाही का?

मनुका आमच्या जिल्ह्याच्या, त्यांच्याविरुद्ध बोलणं जिवावर येतं. पण मूठभर मनुकांत लोह थोडं आणि साखर बरीच. बीटाचा लाल रंग रक्ताला जात नाही. हळीव, मटकी, बाजरी, हिरव्या भाज्या लिंबू पिळून, खात असाल तर कलेजी आणि मासे, हे सगळं चांगलं आणि आयुष्यभर हवं. फेरिटिन ६ असताना मात्र नुसत्या ताटावर विसंबू नका.

एचआरटीने कॅन्सर होतो ना?

ही भीती मुख्यतः २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीतून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि दिलेली औषधं जुन्या प्रकारची होती. दोन्ही हार्मोन घेणाऱ्या १० हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त दिसल्या. एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या, पिशवी काढलेल्या बायकांत तशी वाढ दिसली नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे काळ्या चौकटीतले इशारे काढत असल्याचं जाहीर केलं. म्हणून धोका शून्य झाला असं नाही. तो वय, औषधाचा प्रकार आणि किती वर्षं घेता यावर ठरतो. आई किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

एचआरटी चालू आहे म्हणजे गर्भ राहणार नाही ना?

राहू शकतो. ती गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीपुढे एक वर्ष काळजी घ्यावी.

हार्मोन नकोच असेल तर?

वाफांवर व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी बिनहार्मोनी औषधं आहेत, परिणाम एचआरटीपेक्षा कमी पण उपयोगी. योनीचा कोरडेपणा किंवा वारंवार लघवीची जळजळ एवढाच त्रास असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं. ते रक्तात नगण्य जातं आणि अ‍ॅनिमियाशी त्याचा काही संबंध येत नाही. भस्मांबद्दल इतकंच, की कुणी दिलं आणि त्यात काय आहे हे डॉक्टरांना सांगा. शिशासारखा धातू मिसळलेला असेल तर त्यानेच अ‍ॅनिमिया होतो.

घरी थांबू नये अशी वेळ कोणती?

एका पायाची पोटरी अचानक सुजणं, दुखणं. धाप लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त. चेहरा किंवा हात एका बाजूने लुळा पडणं, बोलणं अडखळणं. सलग दोन-तीन तास, तासाला एक पॅड पूर्ण भिजणं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं. डांबरासारखी शौच. अशा वेळी ओपीडीची वेळ आणि अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही. जिल्हा रुग्णालय असो की जवळचं कुठलंही चोवीस तास चालणारं हॉस्पिटल, थेट आपत्कालीन विभाग गाठा; वाहन नसेल तर १०८. एचआरटीचं पाकीट आणि शेवटची सीबीसी बरोबर न्या.